सव्वासातची बोट

थांबा, आधी वाढून घ्या. मऊ भात गार झाला की मजा जाते. इला, तूप तिकडे सरकव. आणि आर्य, हे पिवळं पीठ बघून घाबरू नकोस, ह्याला मेतकूट म्हणतात. डाळी भाजून दळायच्या, त्यात हळद, हिंग, मोहरी, बास. भातावर टाक, तूप टाक आणि कालव. चमचा कशाला, हाताने कालव. तू इथे जन्मलास म्हणून तुला सूट नाहीये. आईने डबाभर दिलंय, खास तुम्हा तिघांसाठी. ह्या डब्याचा पण पार्ट आहे गोष्टीत, पण तो नंतर. सिद्धेश, तू मध्ये बोलायचं नाही. दर वेळी बोलतोस.

तर आर्य कधीचा विचारतोय, आई-बाबा कराडचे, तू सनीव्हेलची, मग तुम्ही भेटलात ऑस्ट्रियात, हे काय लॉजिक. लॉजिक ऐक. मी तीन वर्षं ह्या देशाबाहेर पाय टाकला नव्हता. आधी कंपनी बदलली, मग ग्रीन कार्डच्या कागदांत अडकले, वकील म्हणे आत्ता हलू नकोस. मी म्हटलं मग तुम्ही या. तर त्यांचा व्हिसा रिजेक्ट. पुन्हा अप्लाय केलं, पुन्हा रिजेक्ट. बाबांनी दोन्ही वेळा ही एवढी जाड फाइल नेली होती, सातबारा, एफडी, पेन्शनचं पुस्तक, माझं दहावीचं मार्कशीटसुद्धा, आणि खिडकीतल्या माणसाने फाइल उघडली पण नाही. आईला एकच प्रश्न. मुलगी तिकडे किती वर्षं आहे? पहिल्या वेळी आई म्हणाली पाच. सॉरी मॅडम. दुसऱ्या वेळी म्हणाली सात. सॉरी मॅडम.

मग ह्या मे महिन्यात वकील म्हणाला, आता ट्रॅव्हल कर. मी लगेच फोन केला, आई, सप्टेंबरमध्ये घरी येते. तर आई म्हणाली, नको.

मी म्हटलं, नको म्हणजे?

"तू घरी आलीस की वाटली जातेस. दोन दिवस आत्याकडे, एक दिवस मामाकडे, मध्ये कुणाची तरी मुंज. मला आठ दिवस अख्खी पाहिजेस. आपल्याला कुणी ओळखत नाही अशा गावाला जाऊ."

गाव बाबांनी शोधलं. बाबा एसटीत होते, कराड डेपोला वाहतूक नियंत्रक, चौतीस वर्षं गाड्या सोडल्या त्यांनी. ते फोटोबिटो बघून गाव ठरवत नाहीत. हालश्टाट त्यांना का आवडलं, तर रेल्वे स्टेशन तळ्याच्या ह्या काठाला, गाव त्या काठाला, आणि प्रत्येक ट्रेनला एक बोट जोडलेली. ट्रेन आली की बोट निघते. बाबा फोनवर म्हणाले, "राधे, असं कनेक्शन आम्ही तीस वर्षं मागत होतो. वडूज गाडी आली की पुढची गाडी थांबायला पाहिजे. कुणी ऐकलं नाही. आणि ह्यांनी बोट थांबवलीय."

गुरुवारी म्युनिक एअरपोर्टला भेटलो आम्ही. रडारड सांगत नाही. बाबांनी डोळे पुसले आणि लगेच हात पुढे केला, "पासपोर्ट दे इकडे. माझ्याकडे राहू दे." त्यांच्या कमरेला तो काळा पाऊच, त्यात सगळ्यांची तिकिटं, घराची किल्ली, सुपारीची डबी. आणि मी दिला. एकोणतीस वर्षांची बाई, माझ्या हाताखाली सहा जण काम करतात, आणि बाबांनी हात पुढे केल्यावर शाळेच्या ट्रिपला देतात तसा गपचूप दिला. हसू नका, तुम्ही पण दिला असता.

तर गाव. यार, ते गाव म्हणजे कुणीतरी डोंगराला शेल्फ ठोकून त्यावर घरं मांडलीत. पुढे काळंभोर पाणी, मागे सरळ कडा, मध्ये एक रस्ता, बास, संपलं गाव. आम्हाला एकच मोठी खोली मिळाली, तीन पलंग आणि तळ्यावर उघडणारी गॅलरी. आईने आल्या आल्या खिडकीत देव मांडले, किटलीत भात शिजतो का बघितलं. शिजतो.

शुक्रवारी आम्ही चर्चच्या मागे गेलो. तिथे एक छोटीशी खोली आहे, आत कवट्या. खऱ्या. बाराशे वगैरे. ओळीने रचून ठेवलेल्या, आणि निम्म्यांवर पेंट केलंय, कपाळावर पानाफुलांची वेल आणि खाली माणसाचं नाव. मी दारातच थिजले. आर्य, ऐक पुढे. गावाला जागाच नाही ना, म्हणून पूर्वी माणूस पुरला की दहा-पंधरा वर्षांनी त्याला बाहेर काढायचे, हाडं धुऊन उन्हात ठेवायचे, नाव रंगवायचे आणि ह्या खोलीत आणून ठेवायचे. मग खड्डा पुढच्याला. मी बाबांना म्हटलं, बघा, मेल्यावर सुद्धा मुदत. एक्स्टेंशन नाही. बाबा हसले. आई हसली नाही. ती एका कवटीसमोर उभी होती, तिच्या कपाळावर गुलाब काढलेले. खूप वेळाने म्हणाली, "पण गावातच ठेवलंय गं. लांब नाही पाठवलं."

मी तेव्हा फोटो काढत होते. माझं लक्षच नव्हतं.

आता शनिवार. तो शनिवार तुम्हाला काय सांगायचा, तुम्हीच मला फोन करत होतात. फक्त आर्यला माहीत नाही. तू सिटिझन आहेस रे, तुझा तो वीकेंड नॉर्मल गेला. आमचा असा गेला की शुक्रवारी दुपारी इथे अचानक बातमी आली, आमच्या नोकरीच्या व्हिसावर नवीन फी, एक लाख डॉलर, शनिवारी मध्यरात्रीनंतर जो बाहेरून आत येईल त्याच्यासाठी. कुणाला लागू, कुणाला नाही, कुणालाच माहीत नाही. सगळ्या कंपन्यांच्या वकिलांचे ईमेल सुटले, जे बाहेर आहेत त्यांनी डेडलाइनच्या आत परत या, जे इथे आहेत त्यांनी हलू नका. सिद्धेश तेव्हा एसएफओला विमानात बसलेला, पट्टा लावलेला. नागपूरला बहिणीचं लग्न. आणि हा विमानातून उतरला. बॅगा आत गेलेल्या, हा रिकाम्या हाताने उतरला आणि उबर करून इथे ह्याच सोफ्यावर येऊन बसला. लग्न त्याने फोनवर बघितलं. हो, सिद्धेश, माहितीये, तुला त्यावर बोलायचं नाहीये. नाही बोलत.

तर तिकडे मी झोपलेय. आई मला नेहमी सहाला उठवते, सुट्टी असो नसो. त्या दिवशी उठवलं पावणेआठला. मला वाटलं लाड करतेय. उशीखाली फोन नाही. फोन गॅलरीतल्या टेबलावर, पालथा, सायलेंटवर. उचलला, आणि अरे, एकशे बारा मेसेज. कंपनीचा ईमेल लाल अक्षरात. घाईत अंगठा वाकडा लागतोय, फोन ओळखतच नाहीये. मी मनात टाइमझोन लावतेय आणि लागतच नाहीयेत. शेवटी बाबांनी कागद घेतला. काय झालंय ते मी धड सांगू शकत नव्हते, पण त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता, कुठे पोचायचं?" आणि लिहायला लागले. म्युनिकहून साडेतीनचं विमान. त्यात सीट होती, इला, तूच बुक केलीस, क्रेडिट कार्ड कुणाचं वापरलंस ते मला अजून माहीत नाही. बाबा म्हणाले, "सव्वासातची बोट गेली. पुढची नऊला. तिच्यावर सॉल्झबुर्ग, तिथून म्युनिक. बसतंय. वीस मिनिटं हातात राहतात. बॅग भर."

माझी बॅग अकरा मिनिटांत भरली. आणि मग बाबांनी पाऊच उघडला.

दोन पासपोर्ट.

त्यांनी पुन्हा बघितलं. पाऊच उलटा केला. किल्ली, सुपारी, तिकिटं, दोन पासपोर्ट. दोन्ही त्यांचे. मी म्हटलं, बाबा, नीट बघा. ते म्हणाले, बघतोय. मी बेडशीट ओढल्या, गाद्या उचलल्या. सिंकखालचं कपाट, कचऱ्याची बादली, आईची पर्स. आई पलंगावर बसून होती. "काल त्या कवट्यांच्या खोलीत पाऊच उघडला होता का हो?" असं म्हणाली. बाबा म्हणाले, तिकिटाला पैसे काढले होते. म्हणाले आणि तसेच धावले. सहासष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, त्या दगडी पायऱ्या चढत वर. मी खाली बोटीच्या धक्क्यावर, हॉटेलच्या बाईला घेऊन, ती बिचारी जर्मनमध्ये सगळ्यांना विचारतेय. नऊची बोट माझ्यासमोर आली. माणसं उतरली, माणसं चढली. गेली.

मी तिथेच धक्क्यावर उभी होते आणि डोक्यात फक्त याद्या. लॅपटॉप डेस्कवर आहे. गाडी कॅलट्रेन स्टेशनच्या पार्किंगला आहे. फ्रिजमध्ये दूध आहे. सात वर्षं, आणि दूध आठवतंय.

दहा वाजता बाबा खाली आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्या खोलीवाल्या माणसाने म्हणे त्यांना कोपरा अन् कोपरा बघू दिला, बॅटरी घेऊन, कवट्यांच्या मागेसुद्धा. बाबा बाकावर बसले. पाऊच पुन्हा उलटा केला, मांडीवर. पुन्हा तेच. आणि मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बाजूला ठेवली, आणि मला म्हणाले, "राधे, चौतीस वर्षांत माझ्याकडनं एक कागद हरवला नाही." आवाज असा की मला ओळखू येईना. "तुझाच कसा हरवला."

बाबांना मी तसं कधी बघितलं नव्हतं. पुराच्या वर्षी डेपोत पाणी शिरलं होतं तेव्हा पण हा माणूस टेबलावर उभा राहून गाड्या सोडत होता.

आई समोरून येत होती. हातात हा डबा.

हो, हाच. जो तुझ्यासमोर आहे.

ती आली, बाबांच्या शेजारी बसली, डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि बांगड्या मागे सारून हात घातला मेतकुटात. कोपरापर्यंत. आणि तळातून एक प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली, तिच्यात माझा पासपोर्ट.

सिद्धेश, खा. काही झालेलं नाही त्या मेतकुटाला.

आमच्याकडे सगळं तिथेच असतं ना. आईच्या पाटल्या तांदळाच्या डब्यात, घरखर्चाचे पैसे तूरडाळीत. आम्ही लहानपणापासून बघतोय, किमती वस्तू डब्यात खोल पुरायची. मला खरं तर शोधताना पहिला डबाच आठवायला पाहिजे होता. पण मी चोराचा विचार करत होते. आईचा नाही.

आता ऐका. इला, तू मुख्य ऐक. तू मला पहिला फोन कधी केलास? इथे शुक्रवारी संध्याकाळी आठ. म्हणजे तिकडे पहाटे पाच. कुणी उचलला?

आता आठवलं? आईने उचलला. तू तिला सांगितलंस, काकू, राधिकाला आत्ताच्या आत्ता उठवा, पहिल्या गाडीने निघायला सांगा. ती म्हणाली, हो, उठवते. फोन ठेवला. सायलेंट केला. बाबांचा पाऊच खुंटीवर होता, त्यातून पासपोर्ट काढला, डब्यात घातला. आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसली. सव्वासातची बोट येताना तिने बघितली, जाताना बघितली. मग अंघोळ केली, देवाला फूल वाहिलं आणि पावणेआठला मला हाक मारली.

तू कशाला सॉरी म्हणतेस. तू केलंस ते बरोबरच केलंस.

तर धक्क्यावर. मला काही कळेचना. मी आईकडे बघतेय, तिच्या हातावर कोपरापर्यंत पिवळं, शेजारी दोन टुरिस्ट फोटो काढतायत, त्यांना वाटलं काहीतरी इंडियन विधी चाललाय. मी विचारलं, का? एवढंच. आईने पासपोर्ट पदराने पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दोनदा त्यांनी मला नाही म्हटलं. एकदा मी म्हणून बघितलं."

आणि मग मी जे बोलले ते मी तुम्हाला सांगणार नव्हते.

सांगते. मी म्हटलं, "तुझा व्हिसा रिजेक्ट केला ते बरोबरच केलं त्यांनी."

काही बोलू नका. मला माहितीये.

आईने डब्याचं झाकण लावलं. बाबा उठले. त्यांनी टोपी घातली. आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, हॉटेलच्या बाईकडे गेले आणि म्हणाले, "टॅक्सी. म्युनिक. फास्ट." त्यांच्या आयुष्यातली सगळी इंग्लिश त्या तीन शब्दांत. चार मिनिटांत टॅक्सी आली. मी म्हटलं तुम्ही कशाला येता, राहा इथे. बाबा म्हणाले, "सोडायला येणार." म्हणजे तिघं टॅक्सीत. बाबा पुढे, मी आणि आई मागे, मधल्या सीटवर डबा. दीड तास ड्रायव्हर आरशातून बघायचा आणि परत रस्त्याकडे. मी पासपोर्ट दोन्ही हातांत धरून बसलेली आणि टॅक्सीभर हिंगाचा वास.

सॉल्झबुर्गच्या पुढे जर्मनीची बॉर्डर लागते. तिथे सगळ्या गाड्या थांबवून तपासत होते. लाइन जिथपर्यंत दिसतेय तिथपर्यंत लाल दिवे. आम्ही बारा वाजता लाइनला लागलो. साडेबाराला तिथेच. सव्वा वाजता एवढंसं पुढे. बाबा खाली उतरून चालत पुढे जाऊन आले, किती गाड्या आहेत मोजून. डेपोची सवय. आले, आत बसले, कागद काढला आणि त्यावरचा तो साडेतीनचा आकडा खोडला. पेनाने, सरळ रेघ मारून.

"गेली," म्हणाले.

ड्रायव्हरने पहिल्या एक्झिटला गाडी वळवली आणि आम्हाला सॉल्झबुर्गमध्ये नदीच्या कडेला सोडलं.

मला ते शहर कसं आहे विचारू नका. म्हणजे नंतर बघितलं, छान आहे, वर किल्ला, खाली बोळ, प्रत्येक दुकानावर लोखंडी नक्षीच्या पाट्या लटकतायत, घोडागाड्या आहेत. पण त्या दुपारी मी नुसती चालत होते. पुढे मी, दहा पावलं मागे बाबा, बाबांच्या मागे आई, डबा छातीशी धरून. मी वळले की ते वळायचे. मी थांबले की थांबायचे. कुठल्या तरी चौकात घोड्यांचं कारंजं होतं, तिथे मी बसले आणि फोनवर नोकऱ्या बघायला लागले. पुण्यातल्या. खरंच. फिल्टर लावून.

बाबा कुठून तरी कॉफी घेऊन आले. तीन कप, पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये. माझ्या हातात एक दिला. "गाडी रद्द झाली की पॅसेंजरला आधी चहा द्यायचा. चहा नाही मिळाला इथं." मग दुसरा कप घेऊन आईकडे गेले. ती कारंज्याच्या पलीकडच्या बाजूला बसलेली. आईशी काय बोलले ते पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण त्यांनी तिच्या हातावरचं मेतकूट रुमालाने पुसलं. बोट अन् बोट. बराच वेळ पुसत होते.

हॉटेल घेतलं कसंतरी. मी कपड्यांसकट झोपले, भिंतीकडे तोंड करून. सकाळी सहाला तिकडची डेडलाइन संपत होती. मी ठरवलं होतं जागं राहायचं आणि ती जाताना बघायची, पण झोप लागली.

आणि कुणीतरी खांदा हलवतंय. आई. बाहेर नुकतं उजाडलेलं. तिच्या हातात माझा फोन, चालू, कानापासून लांब धरलेला. म्हणाली, "उठ. इलाचा फोन आहे. लगेच उठव म्हणतेय."

तू होतीस. तू ओरडत होतीस की जुन्यांना लागू नाही, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना लागू नाही, फक्त नवीन अर्जांना. मी तीनदा बोलायला लावलं तुला. मी बेडवर बसले. आई समोर उभी होती. तिला इंग्लिशमधलं काय कळलं माहीत नाही, पण माझं तोंड बघून तिला कळलं. ती बाथरूममध्ये गेली आणि आतून नळ सोडल्याचा आवाज यायला लागला. चालूच होता बराच वेळ.

नाही, सिद्धेश, मी "काकूंनी बरोबर केलं" असं म्हणत नाहीये. नशीब होतं नुसतं. दुसरं काही निघालं असतं त्या सकाळी तर मी आत्ता कराडला असते आणि बहुतेक आईशी बोलत नसते. मला माहितीये ते. तिला पण माहितीये. बाबांनी तर त्या दिवसापासून पासपोर्ट सांभाळायचं सोडलंच. आईचा आईकडे, माझा माझ्याकडे. "आता ज्याचा त्यानं बघायचा," म्हणाले. आईशी ते दोन दिवस जेवढ्यास तेवढं बोलत होते. कागद हरवल्याचा आळ त्यांच्यावर आला ना, तो त्यांना जास्त लागला.

सॉरी मी मंगळवारी म्हटलं. किल्ल्यावर जायला एक छोटी ट्रेन आहे, सरळ वर चढते, दोरावर. बाबा पुढे ड्रायव्हरच्या काचेला नाक लावून उभे, ब्रेक कसा लागतो बघायला. मी आणि आई मागे. मी म्हटलं, आई, मी ते व्हिसाचं जे बोलले, ते मला तसं नव्हतं म्हणायचं.

आई खाली शहराकडे बघत होती. म्हणाली, "नाही गं. बरोबरच केलं असेल त्यांनी."

मी म्हटलं, असं नको ना बोलूस.

तर म्हणाली, "खरं सांगू? त्यांनी सोडलं असतं तर मी परत आलेच नसते. तुझ्या त्या इलाच्या खोलीत सतरंजी टाकून राहिले असते. त्या माणसानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि ओळखलं. हुशार होता."

आणि हसली. हालश्टाट सोडल्यापासून पहिल्यांदा. मी पण हसले, आणि मग माझं हसू थांबेना आणि मग ते हसू राहिलं नाही. बाबांनी वळून बघितलं आणि पुन्हा ब्रेककडे बघायला लागले.

अख्खे पाच दिवस मिळाले आम्हाला. तिचे आठ नाही. पाच.

निघताना म्युनिकला तिने कुठूनसं दही मिळवलं, प्लमचं, गुलाबी, त्यात साखरेची पुडी फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. डबा माझ्या बॅगेत घातला. मी म्हटलं, अगं, कस्टमवाले काढून टाकतील. "टाकू देत. पासपोर्ट तेवढा वर ठेव," म्हणाली.

आणि एसएफओला माझा नंबर आला. मला धाकधूक होतीच, नियमबियम काही असो. ऑफिसरने पासपोर्ट उघडला. पान उलटलं. थांबला. मग पासपोर्ट असा नाकाजवळ नेला आणि वास घेतला. मी गार. परत वास घेतला. मला वाटलं झालं, आता आतल्या खोलीत नेणार. त्याने विचारलं, हा कसला वास? मी म्हटलं, माझ्या आईचा. म्हणजे मला मसाल्याचा म्हणायचं होतं. तोंडातून तेच निघालं. त्याने माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला आणि म्हणाला, वेलकम बॅक.

बास. झाली गोष्ट.

घ्या ना अजून भात. आर्य, तू तर ताट चाटून पुसून ठेवलंस, शाब्बास. इला, रडू नकोस गं, वरणात मीठ कमीच आहे तसंही. सिद्धेश, तू का थांबलास? आवडलं नाही?

काय? पासपोर्ट कशाला?

आहे ना, ड्रॉवरमध्ये. थांब. घे, पण तुपाचा हात लावू नकोस, डावा हात वापर.

येतोय ना वास? मधल्या पानांना जास्त येतो, तिथे पिशवी उघडी राहिली होती.

अरे, घे की वेळ. मला काही घाई नाहीये, मी कुठे चाललेय.

काय म्हणालास? घरी फोन, आत्ता? थांब, आत्ता इथे दुपारचा एक. नागपूरला रात्रीचा दीड वाजला असेल. काकू झोपल्या असतील रे.

बरं, लाव. लाव तू. दीड तर दीड. गॅलरीत जा, तिथे रेंज चांगली आहे. नाही, पासपोर्ट राहू दे तुझ्याकडे, ने. नंतर दे.

इला, ती छोटी बरणी दे गं इकडे, झाकणाची. ह्याला थोडं बांधून देते.